रिठावरची भिंत

प्राचीन हा शब्द कानावर आला की माझी अजून चिडचिड होते. शब्दाचा काही दोष नाही. पण तो उच्चारताना माणसं आवाज जरा जड करतात आणि समोर एखादा राजा उभा असल्यासारखी बोलायला लागतात, ते मला सहन होत नाही. आमच्या वाट्याला जे प्राचीन आलं त्यात राजा नव्हता. मातीचा एक उंचवटा होता, त्याच्या पोटात एक भिंत होती, आणि ती भिंत कुणीतरी जाणत्या माणसाने नीट पाहावी एवढीच माझी इच्छा होती. एवढ्याशा इच्छेपायी मी किती उंबरे झिजवले ते आठवलं की आजही घास कडू होतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी अमरावतीला एका शाळेत मास्तर होतो आणि आमचं घर, शेत, आईवडील सगळं अकोल्याच्या दक्षिणेला, बार्शीटाकळीच्या पुढच्या एका खेड्यात. शेत काळ्या मातीचं. त्या काळ्याभोर रानात मधोमध एक पांढुरका उंचवटा उठून दिसायचा. त्याला आम्ही रीठ म्हणायचो. रीठ म्हणजे उजाड झालेल्या गावाची जागा. माणसं जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, चुली पेटवतात, भिंती बांधतात आणि पडल्या की तिथेच पुन्हा बांधतात, तिथली माती पांढरी होते. म्हणून आमच्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावाला पांढरी. आमच्या शेतात अशी एक पांढरी पडून होती, आणि तिथे कोण राहत होतं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. गावात जुन्या गोष्टीला दोनच मालक, एक पांडव आणि दुसरा गवळी राजा. रिठाची मालकी म्हाताऱ्यांच्या लहरीप्रमाणे या दोघांत फिरत असे.

मालक कुणी का असेना, मातीला मागणी फार. आमच्याकडची घरं धाब्याची, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर चोपून बसवला की पावसाळा निभावतो. काळी माती उन्हाने भेगाळते, पांढरी भेगाळत नाही. शिवाय ही माती खतासारखी कसदार. नदीकाठचे भाजीचे मळेवाले दर उन्हाळ्यात गाड्या घेऊन यायचे आणि रीठ पोखरून न्यायचे. त्यांची वांगी, त्यांची मेथी, त्यांचा झेंडू, सगळं या उजाड गावाच्या राखेवर पोसलेलं. वडील कुणाला नाही म्हणत नसत. गावाची माती गावाने न्यावी, असा सरळ हिशेब. मी लहानपणापासून हे पाहत आलो होतो आणि त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात मळेवाल्यांनी खणता खणता रिठाची एक कड ढासळली आणि आत विटांची भिंत दिसली. मी सुट्टीत घरी होतो. विटा हातभर लांब, जाड, आजच्या विटेच्या तिप्पट वजनाच्या. मातीतच बसवलेल्या, चुन्याचा पत्ता नाही. भिंतीलगत मातीचे थर एकावर एक दिसत होते. राखेचा काळा पट्टा, त्यावर पिवळट माती, पुन्हा राख. त्या राखेत आतून काळी आणि बाहेरून लाल अशी खापरं रुतलेली होती. शिकवताना मी इतिहासाचं पुस्तक कैक वेळा पोरांपुढे वाचलं होतं, पण इतिहासाला असा धुराचा वास असतो हे मला तेव्हा कळलं. कुणाची तरी चूल होती ती. मी राखेत बोट घातलं तर जळालेल्या धान्याचे दाणे निघाले. ज्वारीचे होते की आणखी कशाचे ते मला ओळखता आलं नाही, आणि ओळखू शकेल असा माणूस माझ्या ओळखीत नव्हता.

तिथून माझ्या डोक्याला भुंगा लागला. एक वीट पिशवीत घालून मी अमरावतीला नेली. आमच्या वाचनालयात संध्याकाळी विद्वान मंडळी जमायची. त्यांच्यापुढे मी वीट ठेवली. एकाने चष्मा पुसून विचारलं, "यावर काही लिहिलेलं आहे का?" नाही म्हटलं. "राजाची मुद्रा?" नाही. "मग?" त्या ‘मग’वर माझ्यापाशी उत्तर होतं, पण ते ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही. कौंडिण्यपुरावर बोलणं गेलं, रुक्मिणीचं माहेर असल्याचा आम्हाला केवढा मान वगैरे झालं, आणि वीट टेबलावर तशीच राहिली. वाचनालयाच्या शिपायाने दुसऱ्या दिवशी ती दाराला टेकवली, कारण दार वाऱ्याने आपटत होतं. मी ती उचलून घरी आणली. ज्यांना जुन्याचा इतका अभिमान, त्यांना जुनी वस्तू हातात घ्यायचा इतका कंटाळा का, याचं मला आजही नवल वाटतं.

इकडे घरी वेगळाच तिढा. त्या वर्षी वडिलांच्या मनात रीठ पूर्ण काढून टाकून जमीन सपाट करायची होती. माती मळेवाल्यांना, आपल्या धाब्याला, उरलेली गावाला, आणि खालची जागा पेऱ्याखाली. वडील बोलायला कमी. मी त्यांना पुष्कळ समजावलं. म्हटलं, सरकारात असल्या जुन्या जागा पाहणारे साहेब असतात. ते आले, त्यांनी पाहिलं, की ही जागा पुस्तकात चढेल, भोवती कुंपण पडेल, सगळा हिंदुस्थान आपलं रीठ ओळखेल. ते साहेब येईपर्यंत कुणाला कुदळ लावू देऊ नका.

वडील बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "कवा येईन तुया सायेब?"

"अर्ज करतो. येतील."

"पुढच्या अक्षय्यतृतीयेपर्यंत ठेवतो. मंग मले काई सांगू नोको."

अक्षय्यतृतीयेला आमच्याकडे शेतीचं नवं वर्ष लागतं, सालदार म्हणजे वर्षाचे गडी ठरतात, कामं नव्याने सुरू होतात. म्हणजे माझ्या हातात एक वर्ष होतं. वडिलांनी शब्द पाळला. मळेवाले आले तसे रिकाम्या गाड्या घेऊन परत गेले, आणि जाताना मास्तराच्या नावाने बोटं मोडून गेले. आमच्या धाब्यावरही त्या वर्षी नवी माती पडली नाही. पावसाळ्यात मधल्या खोलीत पाणी ठिबकत होतं आणि आई तिथे परात ठेवून स्वयंपाक करत होती, हे मला श्रावणात घरी गेल्यावर कळलं. तिने तक्रार केली नाही. वडिलांनीही नाही. त्यामुळे तर मला ते जास्त लागलं.

आणि मी काय करत होतो? अर्ज करत होतो. अकोल्याच्या कचेरीत गेलो तर म्हणाले हे नागपूरचं काम. नागपूरला लिहिलं तर उत्तर आलं की आधी अकोल्याच्या कचेरीचं मत हवं. अकोल्याला पुन्हा गेलो तर तिथला बाबू मला म्हणाला, "मास्तर, तुमच्या शेतात सोनं निघालं का? नाही ना? मग कशाला मागे लागलात?" त्याला मी काय सांगणार? चुलीतली राख निघाली म्हणून? मी अमरावतीहून बडनेऱ्याला, बडनेऱ्याहून अकोल्याला, पुन्हा उलट, असा आगगाडीत बसून माझ्या सुट्ट्या घालवल्या. हेडमास्तर तोंडावर काही बोलत नसत, पण शिक्षकांच्या खोलीत सगळे मला पांडव म्हणायला लागले होते.

शेवटी नशीब फिरलं. बार्शीटाकळीचं जुनं दगडी देऊळ पाहायला नागपूरहून एक साहेब येणार होते, आणि परतताना तासभर आमच्या रिठावर डोकावायला त्यांनी मान्यता दिली. तारीख चैत्रातली, अक्षय्यतृतीयेच्या बरीच आधी. शाळेत परीक्षा चालू होत्या, मला आधी घरी जाता येईना. मी गावच्या एका माणसाबरोबर निरोप धाडला की अमक्या दिवशी साहेब भिंत पाहायला येत आहेत, मी त्यांना देवळापाशी भेटून घेऊन येतो. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही, हे खोटं कशाला सांगू.

साहेब मराठीच होते, पुण्याकडचे. वयाने माझ्याहून थोडे मोठे, बोलायला गोड, हातात फूटपट्टी आणि गळ्यात कॅमेरा. देऊळ पाहून ते खुशीत होते. नदीपर्यंत मोटार, पुढे आमची बैलांची दमणी. वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं, राखेचे पट्टे, दाणे, खापरं, चुन्याशिवायच्या विटा. ते ऐकता ऐकता ताठ बसले. म्हणाले, "थर शाबूत असतील तर फार मोलाचं आहे हे, मास्तर. वस्तूंना किंमत नसते, ती जागच्या जागी असण्याला असते." इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या भाषेत बोललं. दमणीच्या खडखडाटात माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते धुळीवर ढकललं.

शेतात शिरलो तर दुरूनच माणसं दिसली. अख्खं गाव जमलं होतं. जवळ गेलो आणि मी दमणीतून उडीच टाकली.

रिठाची ढासळलेली कड साफ केलेली होती. राखेचे पट्टे, पिवळी माती, खापरं, सगळं खरवडून, झाडून, सरळ उभी कड केलेली होती. पुढचं अंगण शेणाने सारवलेलं, त्यावर रांगोळी. आणि भिंत, माझी भिंत, वरून खालपर्यंत पांढऱ्या मातीने गुळगुळीत सारवलेली होती. वरच्या हललेल्या विटा काढून, धुऊन, पुन्हा ओळीत बसवल्या होत्या. तिच्यावर गेरूची स्वस्तिकं काढली होती. दोन्ही टोकांना आंब्याचे टहाळे खोचले होते. आई नवं लुगडं नेसून बाजूला उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला तिच्याकडे बघवेना.

साहेबांनी भिंतीवरून बोट फिरवलं. मग हलकेच म्हणाले, "अहो मास्तर, ही तर परवाची भिंत दिसते."

मी धावत जाऊन नखाने सारवण खरवडायला लागलो. आतून वीट निघाली. "हे बघा, हे बघा," मी म्हणत होतो. ते वाकले, त्यांनी पाहिलं, दोन विटांच्या मधल्या सांध्यात चाकूचं टोक घातलं. आतली माती ओली होती. त्यांनी मान हलवली.

"विटा जुन्या आहेत, मान्य. पण विटा जुन्या असणं निराळं आणि भिंत जुनी असणं निराळं. या विटा कुठून आल्या, केव्हा रचल्या, मी काय लिहू? तुमचे थर कुठे आहेत?"

"इथे होते. इथेच होते."

"असतीलही. मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण होते हे मला लिहिता येत नाही."

मी म्हटलं, थोडं खाली खणू, खालच्या विटा कुणी हलवल्या नसतील. ते म्हणाले की परवानगीशिवाय त्यांना कुदळ लावता येत नाही, आणि अकोल्याहून संध्याकाळची गाडी गाठायची आहे. बोलण्यात उर्मटपणा अजिबात नव्हता. नियमाने पाहिलं तर त्यांचं बरोबरच होतं, आणि म्हणूनच मला भांडायलाही जागा राहिली नाही. आईने त्यांना पुरणाची पोळी वाढली. ते पोटभर जेवले. जाताना तिला म्हणाले, "बाई, सारवण मोठं सुरेख झालंय हो." आई लाजली. मी तिथून उठून विहिरीवर जाऊन बसलो.

साहेबांना नदीपर्यंत सोडून परतलो तेव्हा माझ्या डोक्यात नुसती तिडीक भरली होती. आईला मी नको ते बोललो. म्हटलं, वर्षभर मी मर मर मेलो आणि तुम्ही एका दिवसात सगळं पुसून टाकलं.

आई भांडी घासत होती. हात थांबवून म्हणाली, "कावून रे, काय पुसलं? पाहुना येऊन राहिला, अन् त्याले काय पडकी भिंत दाखवाची? राख दाखवाची? लोक काय म्हनतीन, घरात बाई नाइ का म्हनतीन."

"अगं, त्याला तीच बघायची होती. पडकी. राख."

"राख कोनी पाहाले येते का?" ती म्हणाली. तिने चेष्टा केली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं. तिच्या लेखी जुनी वस्तू म्हणजे अशी की जी दर वर्षी कुणीतरी सारवतं, म्हणून ती टिकते. जिला कुणी सारवत नाही ती जुनी नव्हे, ती बेवारशी. साहेबाच्या लेखी नेमकं उलटं. हात लागला की ती मेली. या दोघांच्या मध्ये मी उभा होतो, दोघांचंही मला पटत होतं, आणि त्या पटण्याचा कवडीचा उपयोग नव्हता. मला भिंत हवी होती.

मी साहेबांना पुन्हा लिहिलं. खाली खणायची परवानगी द्या, माणसं माझी, खर्च माझा. उत्तर सभ्य होतं. पाहणीत जागेवर काही आढळलं नाही, सबब पुढील कार्यवाहीची गरज नाही. ते पत्र मी फाडलं नाही, फेकलंही नाही, नुसतं घडी घालून खिशात ठेवलं.

अक्षय्यतृतीया आली. शाळेला सुट्टी लागली होती, मी घरी होतो. पत्राचं मी घरी सांगितलं नव्हतं. ठरलं होतं ते ठरलं होतं. घागरी भरून झाल्या, पितरांना घास ठेवून झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मळेवाल्यांच्या गाड्या शेतात शिरल्या. मी जाणार नव्हतो. पण घरात बसवेना, म्हणून गेलो आणि निंबाखाली उभा राहिलो.

कुदळी चालू झाल्या. सारवलेली भिंत दोन घावांत खाली आली. गेरूची स्वस्तिकं मातीत मिसळली. माणसं भराभर पाट्या भरत होती, पांढरी धूळ उडत होती, बैल शिंकत होते. दुपारपर्यंत ते कमरेइतके खाली गेले आणि मग एकाची कुदळ ठणकन वाजली. त्याने हाताने माती सारली. खाली भिंत होती.

मी जवळ गेलो. आम्ही वर्षभर जिला भिंत म्हणत होतो ते नुसतं तिचं डोकं होतं. खाली ती रुंद होत गेली होती, विटा एकाला एक इतक्या घट्ट की मध्ये पातं शिरू नये. तिला काटकोनात दुसरी भिंत येऊन मिळत होती. कोपऱ्यात एक रांजण जमिनीत पुरलेला, तोंडाशी फुटलेला, आत काळी राख. आणि बाजूच्या मातीत पट्टे होते. राख, पिवळी माती, पुन्हा राख. इथे कुणी खरवडलं नव्हतं, कुणी सारवलं नव्हतं. साहेबाला हवं होतं ते सगळं, जागच्या जागी.

माणसं थांबली. सगळे माझ्याकडे बघत होते. वडील खड्ड्याच्या काठावरून खाली उतरले. त्यांनी रांजणाच्या काठावरून हात फिरवला, भिंतीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग वर न बघता म्हणाले, "हे तं खरंच कोनाचं घर होतं."

"हो."

"तुया सायबाले बोलाव मंग. गाड्या आज परत लावतो."

मी खिशात हात घातला. पत्र तिथेच होतं. "ते आता येणार नाहीत, बाबा. त्यांनी प्रकरण मिटवलं."

"कदीच नाइ येनार?"

"नाही."

वडिलांनी हात धोतराला पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आजवर त्यांनी शेतातल्या कुठल्याही गोष्टीत माझा सल्ला मागितला नव्हता, तो आता मागत होते. "तू म्हनत होता सायबासाठी ठेवा, म्या ठेवलं. सायेब येनार नसन तं हे कोनासाठी ठेवाचं? तू सांग. तू म्हनशीन तं ठेवतो."

मी तोंड उघडलं. साहेब येतील, पुस्तकात चढेल, कुंपण पडेल, सगळा हिंदुस्थान ओळखेल. वर्षभर एवढंच मी बोललो होतो, आणि त्यातलं आता काहीच उरलं नव्हतं. दुसरं एखादं कारण मी शोधत राहिलो. बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली. वडील माझ्याकडे बघत होते, गाडीवाले त्यांच्याकडे बघत होते.

वडिलांनी बरीच वाट पाहिली. मग ते खड्ड्यातून वर आले आणि गाडीवाल्यांना म्हणाले, "भरा."